नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि श्रूजबेरी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली. आज मात्र मी स्वतःच एका बिस्किटाचं मूळ आणि कूळ दोन्ही काढायला बसलो आहे. इलाज नाही. आपल्याच नातेवाइकांनी तशी वेळ आणली.

आपल्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे दोन निरोप आले, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचले असतील. पहिला कुठून तरी आलेला आणि पुढे ढकललेला. त्याचा मथितार्थ असा, की परदेशी नावाची बिस्किटं खाणं ही गुलामीची खूण आहे, श्रूजबेरी कसलं खाता, आपली नानकटाई खा. आणि हो, बेकरीत पाऊल टाकण्याआधी मालकाचं नाव काय ते बघत जा. दुसरा निरोप विलायतेत असलेल्या आमच्या भाच्याचा. त्याचं म्हणणं, पुण्यात मिळतं ते खरं श्रूजबेरी नव्हेच, खरं ते इंग्लंडातलं. आणि त्याचा उच्चारही श्रूजबेरी नाही, 'श्रोझबरी' असा आहे. ग्रुपवर आमच्या वहिनींनी 'सुजबेरी' असं लिहिलं होतं. त्या बिचाऱ्या त्यानंतर ग्रुपवर काही लिहीतच नाहीत.

एक निरोप कडव्या देशाभिमानाचा, दुसरा परदेशी शहाणपणाचा. वरवर पाहता दोघांची तोंडं दोन दिशांना. पण नीट पाहिलं तर रोग एकच आहे. दोघंही बिस्किटाची परीक्षा जन्मावरून करतात. एकाला त्याचा जन्म विटाळाचा वाटतो, दुसऱ्याला सोवळ्याचा. माझं म्हणणं असं, की खाण्याच्या पदार्थाला जन्म विचारू नये. विचारायचंच असेल तर ते कोणाच्या हातांनी झालं आणि त्या हातांना काय मिळालं, ते विचारावं. एवढंच सांगण्यासाठी हा लेख. पण मास्तरचा लेख आहे, तेव्हा थोडा लांबणारच!

ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी आधी पदार्थाची ओळख. श्रूजबेरी हे गोल, फिकट, कडेला किंचित तांबूस झालेलं बिस्किट. त्यात मैदा, साखर आणि लोणी, लोणी भरपूर. आपण करंजीला मोहन घालतो ना, तोच न्याय. पिठाच्या कणाकणाला स्निग्ध पदार्थ लागला, की पाणी आत शिरत नाही, पीठ चिवट होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. चहात बुडवायला जावं तर अर्धं बिस्किट कपाच्या तळाशी. म्हणून जाणकार ते नुसतंच खातात. पुण्याच्या कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी आहे, १९५५ सालची, एका इराणी कुटुंबाची. पुण्याचं श्रूजबेरी म्हटलं की तिचंच नाव निघतं. तिच्यासमोरची रांग हा पुण्यातला एक प्रेक्षणीय प्रकार आहे. नगरमार्गे आष्टीला येणाऱ्या कुठल्याही पाहुण्याच्या पिशवीत दोऱ्याने बांधलेला खोका असला, तर आत काय आहे ते न उघडताही सांगता येतं.

आता भाच्याच्या निरोपाकडे वळू. खरं श्रूजबेरी म्हणजे कोणतं?

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशायर नावाचा परगणा आहे. त्याचं मुख्य गाव श्रूजबेरी. सेव्हर्न नदीने त्याला तिन्ही बाजूंनी वळसा घातला आहे. चार्ल्स डार्विन १८०९ साली याच गावात जन्मला. तिथल्या या बिस्किटाला जुने लोक केक म्हणत. १६५८ साली लंडनमध्ये छापलेल्या 'द कम्प्लीट कुक' या पुस्तकात त्याची कृती आहे. दोन पौंड मैदा, एक पौंड लोणी, पाऊण पौंड साखर, पाच अंडी. इथवर ठीक. पण पुढे वाचा. लोणी तास-दोन तास गुलाबपाण्यात ठेवायचं, आणि पिठात आलं घालायचं! लाटून झाल्यावर वर टोचे मारायला लाकडी काडी घ्या, किंवा न वापरलेला कंगवा असेल तर काम लवकर होईल, अशी सूचनाही त्यात आहे. (वाचून आमच्या सौ. म्हणाल्या, न वापरलेला असं लिहिलंय हे बरं!)

आता इंग्लंडात आलं उगवत नाही. ते मूळचं आपल्या आशियातलं. इंग्रजीतला 'जिंजर' हा शब्दसुद्धा आपल्या 'शृंगवेर'चाच दूरचा वंशज, आणि 'शुगर' हा 'शर्करे'चा. गुलाबपाण्याची विद्या इराण-अरबस्तानातली. म्हणजे ज्याला भाचा अस्सल इंग्रजी म्हणतो, त्या बिस्किटाच्या जुन्या कृतीतला सुगंध पूर्वेचा होता. पुढे ही कृतीही बदलली. आज तिकडच्या बहुतेक कृतींत आलं नाही, गुलाबपाणी नाही; लिंबाची किसलेली साल असते, कुठे बेदाणे, कुठे शहाजिरे. श्रूजबेरी गावातल्या एका जुन्या इमारतीवर फलक आहे, की पेलिन नावाच्या माणसाने १७६० साली इथे आपल्या मूळ कृतीने हे केक प्रथम केले. १७६० साली 'प्रथम'! आणि छापील कृती १६५८ सालची. मधल्या काळात १७०० साली विल्यम काँग्रीव्ह या नाटककाराने आपल्या 'द वे ऑफ द वर्ल्ड' या नाटकात एका पात्राच्या तोंडी या केकच्या ठिसूळपणाची उपमाही घातली होती. लोकांना आधीपासून माहीत नसलेल्या पदार्थाची उपमा रंगभूमीवर कोण देईल? तेव्हा 'मूळ कृती आमचीच' अशी पाटी लावण्याची हौस फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

राहिला उच्चार. त्या गावच्या लोकांचंही या बाबतीत एकमत नाही. काही 'श्रोझबरी' म्हणतात, काही 'श्रूझबरी', आणि दोन्ही बाजू आपलंच खरं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भांडत आहेत. मग आष्टीच्या वहिनींनी 'सुजबेरी' म्हटलं तर कोणाचं काय बिघडलं? इंग्रजांनी मुंबईचं बॉम्बे केलं, पुण्याचं पूना केलं, खडकीचं किरकी केलं, तेव्हा त्यांची जीभ कोणी धरली नाही. भाषेचा नियम असा आहे, की शब्द ज्याच्या तोंडात बसतो त्याच्या तोंडाप्रमाणे तो वळतो. स्टेशनचं ठेसन झालं, लँटर्नचा कंदील झाला नाही पण लालटेन झालं, पोर्तुगिजांच्या 'पांव'चा आपण पाव केला. वहिनी, तुम्ही निर्धास्तपणे सुजबेरी म्हणा. व्याकरणाच्या मास्तरची परवानगी आहे.

तर भाचेबुवांना माझं सांगणं एवढंच, की पुण्याचं श्रूजबेरी तुमच्या तिकडच्या श्रूजबेरीची नक्कल असेल, पण तिकडचं आजचं श्रूजबेरीही १६५८ सालच्या श्रूजबेरीची हुबेहूब प्रत नाही. पदार्थ असाच जगतो. आईच्या हातची पुरणपोळी आणि आजीच्या हातची पुरणपोळी तरी कुठे एक असते?

आता पहिला निरोप. तो जास्त गंभीर आहे.

गुलामीची खूण म्हणता? मग तुमच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. तुम्हाला तो माहीत नसणार. हे बिस्किट रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलखातलं आहे! होय, तोच, प्लासीचा. त्याचा जन्म श्रॉपशायरचा, १७२५ सालचा. १७६१ पासून तो श्रूजबेरी गावाचा पार्लमेंटातला प्रतिनिधी होता, १७६२ साली तिथला महापौरही झाला. गावच्या चौकात १८६० सालापासून त्याचा पुतळा उभा आहे. २०२० साली तो हटवावा अशी मागणी झाली, पण तिथल्या परिषदेने तो ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. आणि प्लासीच्या एक वर्ष आधी, १७५६ च्या फेब्रुवारीत, हाच क्लाइव्ह आपल्या कोकणात विजयदुर्गावर होता. तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. त्या मोहिमेत इंग्रजांना साथ कोणाची होती? नानासाहेब पेशव्यांची. आपलं आरमार आपल्याच संमतीने इंग्रजांकरवी जाळून घेतलं, हा आपल्या इतिहासातला धडा. तो मुलांना नीट शिकवा. गुलामी कशी आली हे त्याने कळेल. बिस्किटाचा खोका बंद करून ते कळणार नाही.

कारण क्लाइव्हने काही हे बिस्किट पुण्यात आणलं नाही. पुण्याचं श्रूजबेरी नावारूपाला आलं ते इंग्रज गेल्यावर. बेकरी १९५५ सालची, म्हणजे स्वातंत्र्याला आठ वर्षं होऊन गेलेली. आणि ते करणारे इंग्रज नव्हते. इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातले जरथुष्ट्री लोक तिकडच्या गरिबीला आणि जाचाला कंटाळून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इकडे येऊ लागले. तिकडे त्यांना धर्मापायी जिझिया भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना १८५४ साली इराणला पाठवलं. त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठे १८८२ साली तो कर उठला. अशा मुलखातून आलेल्या माणसांनी मुंबई-पुण्याच्या नाक्यानाक्यावर चहाची दुकानं टाकली, भट्ट्या लावल्या. आधीच्या पिढीतल्या कित्येकांनी आयुष्यातला पहिला मस्कापाव इराण्याकडेच खाल्ला. या लोकांनी छावणीच्या आसपास रुळलेलं एक इंग्रजी नाव उचललं आणि त्या नावाखाली आपल्या हातचा पदार्थ विकला. १६५८ सालच्या कृतीत इराणी गुलाबाचा वास होता, आणि तीनशे वर्षांनी तो पदार्थ पुण्यात एका इराण्याच्या भट्टीत आला. इतिहासाला अशी गंमत करता येते.

बिस्किटावरून धर्म बुडतो, ही ओरड पुण्याला नवी नाही. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर आलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं ठेवली गेली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी तेवढंही केलं नाही. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवली. झालं! त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्कार पडले, सोयरिकी अडल्या. रानड्यांसारख्या माणसाला १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कशासाठी? ख्रिस्त्यांच्या घरचा चहा आणि बिस्किट, यासाठी!

त्या पुण्यात आज त्याच ब्राह्मणांची पणतवंडं बिस्किटासाठी भल्या सकाळी रांग लावतात. धर्म बुडाला का? नाही. तेव्हा जे आपण सोडलं ते ओझं होतं, हे कळायला दोन पिढ्या लागल्या. आणि आता तुम्ही मोबाइलवरून तेच ग्रामण्य परत सुरू करताय. तेव्हा निदान यादी छापायला छापखाना लागत असे.

आता म्हणता, श्रूजबेरी सोडा, आपली नानकटाई खा. खाऊ की! मला नानकटाई अतिशय आवडते. पण नाव वाचलंत का? 'नान' हा फारसी शब्द, अर्थ भाकरी किंवा पोळी. 'खताई'चा अर्थ पुष्कळ जण चीनकडचा असा लावतात. तिच्या जन्माची जी गोष्ट सांगतात ती सुरतेची. डच लोकांनी तिथे बेकरी घातली, ते गेल्यावर ती एका पारशी गृहस्थाकडे आली, आणि त्याच्याकडे नानकटाई घडली. म्हणजे परदेशी बिस्किटावर उतारा म्हणून तुम्ही सुचवताय ते बिस्किट नावाने फारसी-चिनी, गोष्टीत डच-पारशी! दिवाळीची शंकरपाळी घ्या. तो फारसीतला 'शकरपारा', म्हणजे साखरेचा तुकडा. आपल्या शंकराचं नाव त्याला आपण दिलं, आणि छान दिलं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, शेंगदाणा, मिरची, बटाटा, चारही अमेरिका खंडातून आलेले. पोर्तुगीज बोटीतून उतरलेल्या या मंडळींना आपण थेट उपवासाला बसवलं.

आणि आता अगदी आपल्या अंगणातलं सांगतो. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सगळ्यांना केवढा अभिमान! असायलाच हवा. पण वनस्पतीशास्त्रज्ञांना विचारा, हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्या खडकाळ, मुरमाड, पाण्यावाचून तडकलेल्या जमिनीत ते रुजलं, दुष्काळातही फळलं, आणि लोकांनी त्याला सीतामाईचं नाव दिलं. मानांकन देणाऱ्यांनी त्याचे पूर्वज कुठून आले हे विचारलं नाही. ते कुठे रुजलं आणि कोणी जोपासलं, हे पाहिलं. सीताफळाला जो न्याय लावता तोच बिस्किटाला लावा, एवढंच माझं म्हणणं.

माझ्या वयाच्या मंडळींना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. रोजगार हमीच्या कामावर दगड फोडून आलेल्या माणसांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. चव कशीही असो, बीड जिल्ह्यातल्या घराघरात ती भाकरी थापली गेली आणि त्यावर लेकरं जगली. तेव्हा कोणी धान्याचं मूळ विचारलं नाही. पोट भरलेलं असलं की मग माणसाला कूळ सुचतं.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, मग स्वदेशीला काही अर्थच नाही का? आहे, आणि मोठा अर्थ आहे. पण स्वदेशी म्हणजे काय हे नीट समजून घ्या. लोकमान्यांनी १९०५ नंतर विलायती कापडावर बहिष्कार पुकारला, त्याचं कारण कापडाचं नाव इंग्रजी होतं हे नव्हतं. इथला विणकर उपाशी मरत होता आणि पैसा मँचेस्टरला जात होता, हे होतं. प्रश्न कामाचा आणि पैशाचा होता. त्या कसोटीवर पुण्याच्या भट्टीत, पुण्यातल्या कामगारांनी, इथल्या साखरेने केलेलं श्रूजबेरी स्वदेशीच आहे, नाव काहीही असो. उलट देवाधर्माचं नाव छापलेल्या चकचकीत पुड्यातला माल कुठे बनला आणि नफा कुठे गेला, हे कितीजण उलटून वाचतात?

आणि साखरेचा विषय निघालाच आहे, तर ज्या मुळाबद्दल खरंच विचारायला हवं ते हेच. श्रूजबेरीतला मोठा भाग साखरेचा. ती साखर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांची. आणि त्या कारखान्यांचा ऊस तोडतं कोण? आष्टी, पाटोदा, शिरूर कासारची माणसं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या गाडीत संसार भरून निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेत असताना दिवाळीच्या सुटीनंतर हजेरी घेताना मी नाव पुकारायचो आणि कोपऱ्यातून कोणीतरी म्हणायचं, "गुरुजी, ते कारखान्याला गेलं." एकामागून एक नावं. अर्धी बाकं रिकामी. काही पोरं उन्हाळ्याच्या तोंडाला परत येत, तोवर पाढे विसरलेली असत. काही येतच नसत. त्यांतली कित्येक आज मुकादमाची उचल स्वतः घेतात.

१६५८ सालच्या इंग्रज बाईने पिठात पाऊण पौंड साखर घातली, तेव्हा इंग्लंडात साखर येत होती ती बार्बाडोस बेटावरून, आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या मळ्यांतून. गुलामीची खूण शोधायची तर ती तिथे होती, नावात नव्हती. आपल्याकडे ती गुलामी नाही, कायदा आहे, साखरशाळा आहेत, मंडळं आहेत, सगळं आहे. तरी आष्टी तालुक्यातलं एक पोर वर्गाऐवजी उसाच्या फडात असेल, तर त्या बिस्किटाच्या गोडीत काहीतरी उणं आहे. यावर कधी निरोप आला का ग्रुपवर? परदेशी नावाने अपमान होतो, आणि या गोष्टीने होत नाही?

आता त्या निरोपातलं शेवटचं वाक्य. मालकाचं नाव बघून बेकरीत जा. मला वाटतं, सगळा निरोप या एका वाक्यासाठीच लिहिलेला आहे. बिस्किटाचं नाव हे निमित्त. नाव माणसाचं विचारायचं आहे.

असल्या विचाराचं पुढे काय होतं ते पाहा. हैदराबादची कराची बेकरी. फाळणीत सगळं गमावून आलेल्या खानचंद रामनानी या सिंधी हिंदू गृहस्थांनी १९५३ साली ती सुरू केली. सुटलेल्या गावाची आठवण म्हणून नाव ठेवलं कराची. २०१९ च्या फेब्रुवारीत बंगळूरच्या शाखेसमोर जमाव आला आणि दुकानदाराला पाटीवरचं 'कराची' झाकावं लागलं. ज्या माणसाचं घर फाळणीने नेलं, त्याच्या आठवणीवर आपण कापड टाकलं. नावं वाचत सुटलेली माणसं शेवटी अर्थ वाचायला विसरतात.

आपलं आष्टी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतं. रझाकारांचा काळ आपल्या वडिलधाऱ्यांनी सोसला, तो मला कोणी शिकवायला नको. पण निजामाविरुद्ध लढलेल्या त्याच पिढीने त्या राज्याबरोबर आलेली माणसं, शब्द आणि चवी टाकून दिल्या नाहीत. राजा गेला, शेजारी राहिले. आजही आपल्या भागात दस्त, तालुका, अर्ज हे शब्द कोणी सोडले नाहीत. ज्याच्या नावाने उस्मानिया बिस्किट ओळखलं जातं तो शेवटचा निजाम गेला, बिस्किट अजून हैदराबादच्या चहाबरोबर आहे, आणि ते खाणारा कोणी निजामाची प्रजा होत नाही.

आपल्या गावाकडच्या बेकऱ्या कोणाच्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक मुसलमान घरांच्या. उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरच्या बाया मैदा, रवा, साखर, डालडा किंवा तूप डब्यात घालून तिथे नेत. भट्टीवाला आपलं सामान वेगळं मळून द्यायचा, पत्र्यावर बिस्किटं मांडायचा, आणि मुलं डबा घेऊन ती निघायची वाट बघत बसायची. आपलं तूप, त्याची भट्टी, मजुरी किलोवर. एका डब्यात महिनाभराचा खाऊ. त्या भट्टीवर कोणी कोणाचं नाव वाचलं नाही. सामान दुसऱ्याच्यात मिसळणार नाही ना, एवढीच काय ती काळजी! आता त्या भट्ट्या एक एक करून थंड पडत आहेत. एकीकडून कंपन्यांचे पाच रुपयांचे पुडे, दुसरीकडून पुण्याचा खोका, आणि आता तिसरीकडून हे निरोप. चार घरं चालवणारी भट्टी बंद पडली, तर त्या घरांतली पोरंही उद्या गाव सोडतील. त्याने कोणती संस्कृती वाचणार आहे?

मैदा-साखर प्रकृतीला चांगली नाही, असं डॉक्टर सांगतात. ते खरं आहे. मधुमेह असलेल्यांनी ऐकावं. त्या कारणाने श्रूजबेरी सोडलं तर माझी हरकत नाही, नानकटाईही सोडा. पण आरोग्याचं कारण आरोग्यापुरतं ठेवा.

तेव्हा मंडळी, माझं शेवटचं सांगणं. पुण्याहून येताना खोका जरूर आणा. श्रूजबेरी म्हणा, श्रोझबरी म्हणा, सुजबेरी म्हणा. पण दोन खोक्यांऐवजी एकच आणा, आणि उरलेल्या पैशाचा मैदा-तूप घेऊन येत्या सुटीत नातवंडांना आपल्या गावातल्या भट्टीवर घेऊन जा. पत्रा बाहेर निघताना येणारा वास त्यांना एकदा घेऊ द्या. आणि दिवाळीनंतर शेजारचं जे घर कारखान्याला निघेल, त्यांच्या पोरांपैकी एकाला जरी आपल्याकडे ठेवून शाळेत पाठवता आलं, तर तेवढं करा. मी सेवानिवृत्त झालो असलो तरी संध्याकाळी पाढे घ्यायला अजून मोकळा आहे.